सहा फुटांवरची बायको

माझी बायको आठवडाभर किरणोत्सर्गी होती.

नंदाच्या थायरॉइडवर उपचार म्हणून डॉक्टरांनी तिला आयोडीनची एक कॅप्सूल दिली आणि मला शांतपणे सांगितलं, "आठवडाभर वेगळ्या खोलीत झोपा. सहा फूट लांब राहा." सहा फूट! कसबा पेठेतलं आमचं अख्खं घर अकरा फूट रुंद!

घाबरून मी बंगळुरात फिजिक्स शिकणाऱ्या लेकीला, मुक्ताला, फोन लावला.

"बाबा, त्या आयोडीनमधून दोन गोष्टी निघतात. बीटा म्हणजे विद्युतभार असलेले कण. ते वाटेतल्या प्रत्येक अणूशी झोंबतात आणि एक-दोन मिलिमीटरात दमतात. आईच्या गळ्याबाहेर येतच नाहीत. गॅमाला भारच नाही. तो फारसा कुणाच्या वाटेला न जाता सरळ निघून जातो."

"कुठून?"

"शरीरातून. भिंतीतूनसुद्धा. पण बाबा..."

मी फोन ठेवला. (पुढे ती म्हणणार होती, "अंतर ठेवलंस की पुरे.")

तासाभरात मी लोखंडी कपाट ढकलत नंदाच्या खोलीच्या भिंतीला लावलं, दाराच्या कडीला स्टीलची ताटं टांगली.

आतून नंदा म्हणाली, "अहो, भांड्यांचं दुकान काढताय?"

"तुला नाही कळायचं! भाररहित आहेत ते!"

"असू देत. मला पाणी द्याल का?"

मी तांब्या जळमटांच्या झाडूला बांधला आणि लांबूनच दारातून आत सरकवू लागलो. तांब्या कलंडला, पाणी पसरलं, झाडू लागून ताटं कोसळली आणि त्या आवाजाला दचकून मी उडी मारली ती नेमकी पाण्यात! मनगट कटकन वाजलं.

नंदा धावत आली आणि दारातच थबकली. चेहरा पांढराफटक. "अहो, मी जवळ नाही येत हो. माझ्यामुळे तुम्हाला काही झालं तर?"

मी इतका वेळ माझ्यासाठी घाबरलो होतो. तीही माझ्यासाठीच! फार लाज वाटली.

तिने तिथूनच शेजारच्या वहिनींना हाका मारल्या. वहिनींनी मला एक्स-रेला नेलं.

"हलू नका," तिथल्या बाई म्हणाल्या.

"हे किरण भारित की भाररहित?" मी विचारलं.

"भाररहित. भारित कण असते तर बहुतेक कातडीतच अडकले असते. मग हाडाचा फोटो कसा निघाला असता?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "शाळेत शिकवतात हे. बरं, फॉर्मवर व्यवसाय राहिलाय. काय लिहू?"

आयुष्यभर मी ज्या शाळेत विज्ञान शिकवलं, ती पलीकडच्याच गल्लीत होती.

"शेती," मी म्हणालो. "मांजरी गावात ऊस आहे थोडा."