एकदाच मोजलेली वेळ

हिंदी मुलखातल्या दूधविनायक मोहल्ल्यात राहणाऱ्या यज्ञेश्वराच्या मराठी घराण्याकडे लग्नमुंजीत घटिका धरण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती बुडाली की घटका भरली. मुहूर्त एकदाच येतो, म्हणून माप एकदाच. दुसऱ्यांदा मोजतो तो कच्चा, असं वडील दटावून सांगत.

पुढे लोकांनी मनगटी घड्याळं घेतली आणि यज्ञेश्वर विद्यापीठाच्या संगणक केंद्रात चिकटला. बायको, शरदिनी, गेल्यावर घर नुसतं निजायला उरलं. घरात मराठी ऐकायला कोणी नाही, बाहेर हिंदी बोलायची हौस नाही. अशा माणसाने करावं काय? त्याने पायथन नावाची नवी भाषा आपली आपण शिकून वर्षाचं पंचांग मांडणारा प्रोग्रॅम लिहिला. दोन वर्षं जीव ओतला. अठ्ठ्याण्णव साली विभागप्रमुख मिश्राजी म्हणाले, विद्यापीठाचं पंचांग दहा मिनिटांत निघालं तर तुमचंच छापू, नाहीतर बाहेरून आणू.

सोमवारी भर अकराला, केंद्र विद्यार्थ्यांनी गजबजलेलं असताना, त्याने सुरुवातीची आणि शेवटची वेळ प्रोग्रॅमकडूनच नोंदवली आणि वजाबाकी केली. चौदा मिनिटं. एकदाच मोजलं, खरं लिहिलं, कागद देऊन टाकला. मिश्राजींनी बाहेरचं पंचांग मागवलं. यज्ञेश्वराला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि का जेवत नाही हे विचारणारंही कोणी नव्हतं.

महिनाभराने होळीची सुट्टी लागली. जायला कुठे नाही, म्हणून तो केंद्रात आला. सगळी टेबलं रिकामी. सहज प्रोग्रॅम चालवला, तर सहा मिनिटं! पुन्हा चालवला, सहाच. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी केंद्राचं ते एकच मशीन साऱ्या गर्दीचं काम करत होतं, त्याच्या प्रोग्रॅमची पाळी मधूनमधून लागत होती, आणि तो थांबलेला वेळही घड्याळाने त्याच्याच नावावर लावला होता. चार वेळा मोजून कमीतकमी आकडा घ्यायला हवा होता!

सुट्टी संपताच त्याने मिश्राजींना गाठलं. त्यांनी आकडे पाहून कपाळावर हात मारला.

"पंडितजी, अब तो छपने चला गया! महीने भर में किसी को दिखाया तक नहीं? कोई भी कह देता, दोबारा चलाकर देखिए."

यज्ञेश्वराने कागदाची घडी घातली.

"किसको दिखाता, साहब?"

मिश्राजींनी समोरची खुर्ची पुढे सरकवली, पण तोवर तो दाराबाहेर पडला होता.