देवाची प्रत

"काका, ह्या सहीवर काय सांडलंय?"

म्हात्रे काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू मोकळ्या मनाने म्हणाल्या, "सांडलं नाय बाय. मीच लावलं. नवा कागद देवाजवल ठेवला, हलद-कुकू वाह्यलं."

टेबलावर त्यांचं मॅरेज सर्टिफिकेट होतं. कोरं करकरीत, आणि खाली रजिस्ट्रारच्या सहीवर पिवळा-लाल डाग. बोट चांगलं ओलं असणार, कारण सहीची शाई कुंकवात पार मिसळून गेली होती. मी कपाळाला हात लावला.

सीबीडी बेलापूरला माझं छोटं ऑफिस आहे. परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांचं अटेस्टेशन करून देणं हा माझा धंदा. अटेस्टेशन म्हणजे एवढंच, की एका ऑफिसरची सही खरी आहे असं त्याच्या वरच्या ऑफिसने शिक्का मारून सांगायचं. मग त्याच्याही वरच्या ऑफिसने. शेवटी परदेशी वकिलात तो कागद मानते. वरच्या ऑफिसकडे प्रत्येक ऑफिसरच्या सहीचा नमुना ठेवलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहतात. सहीच दिसत नसेल तर ताडणार काय?

नवीन क्लायंटला मी पहिल्याच दिवशी दम भरते. लॅमिनेशन करू नका, घडी घालू नका, स्टेपल मारू नका. कुंकू लावू नका हे सांगायचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

म्हात्रे उरणचे. कंटेनर यार्डातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. एकुलती एक मुलगी दर्शना परदेशात असते. जावई जहाजावर, महिनोन्‌महिने समुद्रात. दर्शनाचं मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि घरात चार वर्षांची नात. टुरिस्ट व्हिसावर राहून भागणार नव्हतं, म्हणून रिटायरमेंट व्हिसा. पेन्शन दाखवायची आणि तिकडे वर्षभर राहायचं. पेन्शन काकांची. काकूंना जायचं तर त्यांची बायको म्हणूनच, आणि त्याला पुरावा हे सर्टिफिकेट. दोघांनी इतक्या वर्षांत लग्न रजिस्टर केलंच नव्हतं, ते आत्ता केलं होतं.

"अख्खा गाव जेवला आमच्या लग्नात," काका चिडून म्हणाले. "त्यांना विचारा म्हणावं! आणि हिला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?"

काकूंचं तोंड एकदम बारीक झालं. "तुमीच जा मग. मी ऱ्हाते हितंच."

"काका पोरीला अंघोळ घालणार आहेत का?" मी विचारलं. मला काकूंची फार दया आली, आणि दया आली की मी जास्त खेकसते. "उठा. दुसरी प्रत काढायला आत्ताच निघायचं. वकिलातीची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, ती गेली की ऑपरेशनच्या आत दुसरी मिळणार नाही."

दुसरी प्रत मिळायला त्रास झाला नाही. त्रास पुढे होता. ज्यांच्या सहीवर कुंकू पडलं त्या साहेबांची बदली झाली होती. नव्या प्रतीवर नव्या साहेबांची सही. ती घेऊन मी मंत्रालयात गेले, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ह्यांचा नमुना आमच्याकडे आलेला नाही."

"कधी येईल?"

"त्यांनी पाठवला की."

बाई नियमानेच बोलत होत्या. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काका-काकूंना घेऊन परत नव्या साहेबांच्या टेबलासमोर. साहेब तरुण होते, फायलींच्या ढिगामागे बसलेले.

"नमुना सही ना? पाठवू की. पुढच्या आठवड्यात बघतो."

"पुढच्या आठवड्यात यांची वकिलातीत अपॉइंटमेंट आहे, सर. पत्र मी टाइप करून आणलंय. तुम्ही वाचा, दुरुस्त करा, सह्या करा आणि ऑफिसच्या मेलवरून पाठवा. तोवर आम्ही बाकावर बसतो."

"मॅडम, असं डोक्यावर बसून काम होत नसतं."

"डोक्यावर नाही सर, बाकावर."

ते हसले नाहीत. आम्ही बसलो. लंच झाला, साहेब परत आले, आम्ही तिथेच. काकूंनी पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या काढल्या आणि बाकावरच मला वाढल्या. मग एकदम उठून साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, चूक माझी हाय. देवाला दाखवाला गेले नि सही बुडवली. आता माझी पोर तिकरं एकटी हाय. तुमी मना काय पन बोला, पन सही पाठवा."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. पत्र पुढे ओढलं, दोन शब्द बदलले आणि सह्या केल्या. मेल माझ्यासमोर गेला. मी मंत्रालयात फोन लावून तो पोचल्याची खात्री करून घेतली, तेव्हाच बाकावरून उठले.

पुढचे शिक्के सरळ पडले. अपॉइंटमेंट गाठली. दोघांचेही व्हिसा झाले.

पासपोर्ट घ्यायला काकू आल्या तेव्हा व्हिसाच्या पानावरून हात फिरवत राहिल्या. मला त्या बोटाची धास्ती वाटली. मी पासपोर्ट काढून घेतला, त्या पानाची कलर झेरॉक्स काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"हिला काय लावायचं ते लावा."

"झेराक्स चालल देवाला?"

"देव काउंटरवर बसत नाही, काकू. तो नमुना मागत नाही."

तेव्हापासून ऑफिसमध्ये नियमच करून टाकलाय. सर्टिफिकेट हातात आलं की आधी कलर झेरॉक्स. मूळ प्रत माझ्या कपाटात, झेरॉक्स देवाकडे. भाषणं देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

परवा दर्शनाने फोटो पाठवला. कंबरेला पट्टा बांधून ती खुर्चीत बसलीय आणि काकू नातीच्या वेण्या घालतायत. मागे फ्रीजवर मॅग्नेटने लावलेली ती व्हिसाची झेरॉक्स दिसते. कुंकू नेमकं शिक्क्यावर लावलंय.