आज तू नर्स, मी पेशंट

शाळेच्या नर्सबाईंना मुलं काटेमावशी म्हणत, कारण त्या दिसल्या की वजनकाटा आलाच. बाई अंगाने भरलेल्या, हसल्या की खुर्चीसकट हसायच्या. लेकीसुना म्हणत, ‘पुरे झाली आता नोकरी.’ त्या म्हणत, ‘घरी बसून कुणाची वजनं करू, तुमची?’

त्या वर्षी वजन-उंचीबरोबर खाण्याबद्दलचे प्रश्नही आले. एखादं मूल जेवणाला घाबरत असेल, डबा गुपचूप टाकून देत असेल, तर वेळीच कळावं म्हणून. पण तिसरीच्या वर्गाने मधल्या सुट्टीतच ठराव करून टाकला होता: काहीही विचारलं तरी ‘नाही’ म्हणायचं आणि सुटायचं!

“जाड व्हायची भीती वाटते?”

“नाही.”

“डबा टाकून देतोस?”

“नाही.”

“मी बरी दिसते का रे?”

“नाही!”

रांगेत हशा पिकला. बाईही पोट धरून हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डाव उलटवला. दार लावून एकेकाला आत घेतलं, आपल्या खुर्चीत बसवलं, प्रश्नांचा कागद हाती दिला. “आज तू नर्स, मी पेशंट. विचार!”

मग काय विचारता! कुणी दरडावलं, कुणी बाईंना जीभ बाहेर काढायला लावली. आणि विचारता विचारता मुलं स्वतःचंही बोलून गेली.

मग आली टिल्ली. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, त्यात वजन मागच्या खेपेपेक्षा उतरलेलं. तिने वाचलं, “घास अडकेल अशी भीती वाटते का?”

“नाही गं बाई.”

टिल्ली पुढच्या प्रश्नाकडे वळेचना. “आणि अडकला तर?”

हे कागदावर नव्हतं. बाई पुढे झुकल्या. “तुझा अडकला होता?”

तिने मान डोलावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत लिमलेटची गोळी घशात अडकली होती, काकाने पाठीत धपाटे घालून काढली. तेव्हापासून नुसतं दूध नि पातळ काहीतरी. “आईला सांगू नका. ती ओरडते.”

“सांगणार. पण तुझ्यासमोर आणि तुझ्या बाजूने.”

बाईंनी बोलावलं तशी आई आली ती तणतणतच. “अहो, नुसती थेरं आहेत हिची!”

“थेरं नव्हेत, ताई. गोळी अडकल्यापासून गिळायला घाबरलीय ती. आणि भीतीवर इलाज असतो.”

आई लेकीकडे बघतच राहिली. “अगं, मग बोलायचं नाहीस?”

“तू जेवताना ओरडतच असतेस.”

आईने तिला पोटाशी ओढलं ते कितीतरी वेळ सोडलंच नाही.

डॉक्टरांनी तपासलं, घसा ठणठणीत निघाला. मग समुपदेशक बाईंकडे फेऱ्या सुरू झाल्या. आधी कुस्करलेलं केळं, मग ब्रेडचा मऊ तुकडा, मग दुधात न बुडवलेलं बिस्कीट. गाडी कधी पुढे, कधी चक्क मागे.

आणि एका दुपारी दार धाडकन उघडलं. टिल्ली, मागे आई. टिल्लीच्या मुठीत गाजर.

“मावशी, बघा हं.”

कर्रकन आवाज झाला. आईने श्वास रोखला. टिल्लीने चावलं, चावलं, डोळे मिटून गिळलं आणि हा मोठा आ करून दाखवला. “गेला!”

“वन्स मोअर!” बाई खुर्चीतून उठून ओरडल्या.

टिल्लीने रुबाबात एकापाठोपाठ दोन घास तोडले.

“अगं, हळू! जरा दमानं खा!” आई म्हणाली. असं म्हणायची पाळी किती महिन्यांनी आली, हे लक्षात येऊन ती मग हसतच सुटली.