अक्काच्या गुडघ्यांचा दावा आणि जानेवारीतले सप्तकुंड

धबधबा पावसाळ्यात पाहावा, हे मत सार्वत्रिक आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे बरोबरही आहे. तरीही आम्ही दोघी बहिणी अजिंठ्याचा सप्तकुंड धबधबा पाहायला जानेवारीत गेलो. आम्हाला धबधबा सिद्ध करायचा नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचे गुडघे सिद्ध करायचे होते.

अक्काची हयात सिल्लोड तालुक्यातल्या शेतीवर गेली. भाऊजी गेल्यावर ती छत्रपती संभाजीनगरात, पुंडलिकनगरात राहायला आली. दुसऱ्या मजल्यावर ती आणि दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर मी. गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून तिचा मुलगा श्रीरंग, जो पुण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो, एकच गोष्ट बोलत होता: आईने आता एकटीने राहू नये. संक्रांत झाली की तो तिला कायमची न्यायला येणार होता आणि तिच्यासाठी खोलीला रंगही देऊन झाला होता. अक्काला जायचे नव्हते. "तिथं खिडकीतून ढग दिसतेत," ती म्हणायची, "माणूस दिसत नाय."

मी महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. एका रविवारी त्याचा फोन स्पीकरवर असताना मी मध्ये पडले.

"श्रीरंग, तुझी प्रतिज्ञा, म्हणजे दावा, कळली. आता हेतू, म्हणजे त्याचे कारण, सांग."

"हेतू काय, मावशी, तिला चालवत नाही."

"चालवत नाही हे तू पाहिलेस, की गृहीत धरलेस?"

 लहानपणी सुट्टीत माझ्याकडे राहून गेल्यामुळे असल्या प्रश्नांची त्याला सवय होती. तरी तो वैतागून म्हणाला, "बरं. तिला श्रावणात भिशीच्या बायकांबरोबर तो धबधबा बघायला जायचं होतं ना? आता जाऊ दे. शेवटापर्यंत चालत जायचं, चालत यायचं. जमलं तर मी पुण्याचं नाव काढणार नाही."

श्रावणात त्यानेच तिला जाऊ दिले नव्हते, पायऱ्या निसरड्या असतात म्हणून. भिशीतल्या बायका फोटो घेऊन परतल्या आणि अक्का आठ दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

मी अटी नीट बांधून घेतल्या. स्वतःच्या पायांनी; डोली नाही; लेण्यांच्या पार टोकाला, जिथून धबधब्याचा कडा समोर येतो तिथपर्यंत. काठी चालेल, कारण काठी म्हणजे दुसरी व्यक्ती नव्हे, हे मी त्याच्याकडून मान्य करवून घेतले. पुरावा म्हणून फोटो. धबधब्याला पाणी असले पाहिजे, अशी अट त्याने घातली नाही. त्याला आठवण करून देणे हे प्रतिपक्षाचे काम नसते.

तयारी म्हणून मी अक्काला रोज सकाळी तिच्या इमारतीचा जिना चढायला आणि उतरायला लावला. मी खाली उभी राहून सूचना देत असे. ही पद्धत मला तेव्हा निर्दोष वाटली होती.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी ध्यानात ठेवावे. आम्ही बुधवार निवडला. मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणारी सकाळची कुठलीही एस.टी. फर्दापूर फाट्यावर सोडते. तीन तास धरून चालावे. मला अर्धे तिकीट पडले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या अक्काला काहीच पडले नाही, मात्र वाहकाने तिचे आधार कार्ड उलटसुलट करून पाहिले.

"आजी, वाटत नाही हो पंचाहत्तरच्या."

"मग घे की पैसे," अक्का म्हणाली. त्याने कार्ड परत दिले.

हर्सूल मागे पडले की थंडी खरी कळते. फुलंब्रीच्या पुढे दोन्ही अंगांना हरभरा, गहू, उभी ज्वारी, आणि वेचून संपत आलेल्या कपाशीच्या काड्या. रस्ता आता बराच रुंद झाला आहे. अक्का शेताशेताला शेरे देत होती: याला पाणी उशिरा दिलं, त्यानं दाट पेरलं, हा माणूस आळशी दिसतोय. सिल्लोडला गाडी दहा मिनिटे थांबली. तिथल्या चहात आले भरपूर असते आणि साखर त्याहून भरपूर. आम्ही घरून धपाटे, दही आणि लसणाची चटणी घेतली होती. आपणही न्यावे, लेण्यांपाशी मिळणारे जेवण पोट भरते, पण त्याविषयी कुणी कधी उत्साहाने बोललेले मी ऐकलेले नाही.

फर्दापूर फाट्यावर दुकानांची एक गल्ली ओलांडावी लागते, जिथे प्रत्येक जण आपल्याला चमकणारे दगड फुकट दाखवतो. तिथून लेण्यांपर्यंत वेगळ्या बसने जायचे. तिकीटघरापाशी डोलीवाले उभे असतात: लाकडी खुर्ची, दोन बाजूंना दांड्या आणि चार माणसे. दराचा फलक वाचावा, आणि जायचे-यायचे की एकाच बाजूचे, हे बसण्यापूर्वी ठरवावे.

त्यांनी अक्काची काठी पाहिली आणि गिऱ्हाईक ठरवून टाकले.

"बसा आजी, पुढं लई चढ हाय," त्यांच्यातला मिशीवाला म्हणाला.

"मला माहितंय. चढायलाच आले."

"येताना गुडघे बोलतेत, आजी."

"बोलू दे. घरी एकटीच असते, तेवढीच सोबत."

चौघे हसले, पण मागे हटले नाहीत. व्यापारी धीर म्हणतात तो हा. रिकामी डोली खांद्यावर टाकून ते आमच्या मागे अंतर ठेवून येऊ लागले. अक्का पहिल्या पायऱ्या तिरकी चढली, शेताचा बांध चढावा तशी, मध्ये दोनदा थांबून. आणि तिने दोन्ही वेळा, थांबण्याचे कारण दम नसून खालची वाघूर नदी पाहणे हे आहे, असे डोलीवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला सांगितले.

इथे एक व्यावहारिक सूचना, जी मला कुणी दिली नाही. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात. अक्का चपला घालून आली होती. मी, खबरदारी म्हणून, याच प्रवासासाठी घेतलेले नाड्यांचे बूट घातले होते. परिणामी प्रत्येक चित्रित लेण्यापाशी ती चपला पायातून सोडून आत जाई आणि मी बाहेर वाकून गाठी सोडत असे; बाहेर आल्यावर ती नदी पाहत उभी राही आणि मी पुन्हा वाकून गाठी बांधत असे. आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, तो द्यावा. मग भिंतीतून एकेक चेहरा पुढे येतो, आणि आपण रांगेत उभे आहोत हे विसरायला होते. मला विसरू दिले जात नव्हते. मांडीपासून पोटरीपर्यंत काहीतरी ओढले जात होते आणि सतराव्या लेण्याशी मी गाठ बांधून उठले, ती भिंतीला धरून.

"काय झालं गं, सुमे?" अक्काने विचारले.

"काही नाही. शिल्प पाहत होते."

"तिथं शिल्प नाय. भिंत हाय."

अक्का पुढे चालत राहिली. घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या त्या डोंगराच्या कडेने वाट खाली-वर होत जाते आणि टोकाला गेल्यावर समोर तो कडा येतो.

सप्तकुंडाला पाणी नव्हते, असे म्हणणे थोडे अन्यायाचे होईल. एका खोबणीत ओल चमकत होती आणि अगदी तळाशी हिरवा डोह स्तब्ध होता. पण पडत काही नव्हते. शेजारी एक गृहस्थ पत्नीला म्हणाले, "एवढ्यासाठी आणलंस?" त्या म्हणाल्या, "लेण्यांसाठी आणलं. हे तुमचं तुम्ही शोधलं." ते जोडपे तिथून निघून गेल्यावर आम्ही दोघी आणि मागे ते चौघे डोलीवाले, एवढेच उरलो.

पाणी नसल्यामुळे जे दिसले, त्याची नोंद मला करायला हवी. काळ्या कातळात एकाखाली एक कोरली गेलेली कुंडे उघडी होती. उतरंडीच्या मडक्यांसारखी, प्रत्येकाचा काठ खालच्याच्या बाजूला झिजलेला. किती उंचीवरून पाणी येते, कुठे आदळते, कुठे वळते, याचा सारा नकाशा दगडावर पाण्यावाचून वाचता येत होता. वरच्या कपारीत एक वेडा राघू, तो चिमुकला हिरवा पक्षी, बसला होता. ऊन कड्यावर अर्ध्यापर्यंत उतरले होते.

अक्का बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "भिशीवाल्यांच्या फोटोत नुसता पांढरा पट्टा हाय. त्यांना मडकी दिसलीच नाय." तिचा स्वर श्रावणाचा हिशेब चुकता झाल्याचा होता. मी तिच्याच फोनवर तिचा फोटो काढला: काठी, नऊवारी, मागे कडा. अर्धा दावा जिंकला होता.

परत वळताना माझा डावा गुडघा वळला नाही.

मी दोन पावले टाकली आणि कठड्यावर बसले. सूचना देत मी जिन्याच्या तळाशी उभी असे, हे मी वर लिहिलेच आहे. जिना चढली होती ती अक्का. डोलीवाल्यांनी आमच्याकडे पाहिले, मग एकमेकांकडे.

"आयला," मिशीवाला म्हणाला, "सकाळपासून चुकीच्या आजीमागं हिंडलो."

"मी बसणार नाही," मी अक्काला सांगितले.

"का? अट माझ्यावर हाय. तुझ्यावर नाय."

"अटीचा प्रश्न नाही. मी डोलीतून आले हे श्रीरंगला कळले की तो काय म्हणेल? म्हणेल, आईच्या आधाराला मावशी होती, तीच पडली. दोन म्हाताऱ्यांपैकी एकही भरवशाची नाही. तुझे चालणे वाया जाईल, अक्का."

ती माझ्या शेजारी बसली. तिने काठी मांडीवर आडवी घेतली. मग उठून तिने माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून हातात घेतले आणि डोलीवाल्यांना म्हणाली, "एका बाजूचेच पैसे मिळतील. आन् हलवू नका लई, ती बोलते मग."

डोलीत बसून पाहिलेला अजिंठा वेगळा असतो, एवढे प्रामाणिकपणे नोंदवते. दृष्टी उंच होते आणि प्रतिष्ठा खाली येते. समोर अक्का चालत होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझे बूट, आणि समोरून येणाऱ्या पर्यटकांना हाताने बाजूला करत होती. वाटेत तिने एका विद्यार्थिनीला थांबवून आपल्या फोनवर आमचा फोटो काढवून घेतला. माझ्या हरकतीची दखल घेतली गेली नाही. खालच्या पायऱ्याही ती स्वतःच्या पायांनी उतरली, तिरकीच.

लेण्यांपाशी आमच्या फोनला रेंज नव्हती. फर्दापूर फाट्यावर रेंज आली आणि मी पाहण्यापूर्वीच अक्काने दोन्ही फोटो पुण्याला पाठवून दिले. मी तिला म्हणाले की दुसरा फोटो पाठवणे ही आत्महत्या आहे. ती म्हणाली, "बघू." पाच मिनिटांत फोन आला.

"आई, तू पूर्ण चाललीस?"

"व्हय."

"आणि मावशीला काय झालं?"

"गुडघा धरला. धरून उचलून गाडीत बसवायला लागंल आता."

अपेक्षित तेच झाले. "बघ," तो म्हणाला, "म्हणूनच मी सांगत होतो. या वयात म्हाताऱ्या माणसानं एकटं राहू नये."

"बरोबर हाय तुझं," अक्का म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले.

"लई बरोबर बोललास," ती पुढे म्हणाली. "म्हाताऱ्या माणसानं एकटं राहू नये. हिला ना लेक, ना सून. मग हिला एकटी टाकून मी पुण्याला कशी येऊ, तूच सांग."

 

"मावशीलाही आणू पुण्याला," तो म्हणाला.

"तिला विचार. फोन देऊ?"

"नको," श्रीरंग म्हणाला. "नको, राहू दे."

परतीच्या बसमध्ये मला हे शास्त्रशुद्ध मांडून पाहावे लागले. प्रतिपक्षाचे मत वादापुरते मान्य करून त्याचा परिणाम त्याच्यावर आणून सोडणे, याला आमच्याकडे अभ्युपगम म्हणतात. आणि जो हेतू प्रतिज्ञेच्या उलटेच सिद्ध करतो, तो विरुद्ध. हे दोन्ही मी इतकी वर्षे फळ्यावर लिहिले. अक्काने ते फाट्यावर, उसाचा रस पिता पिता केले. मी तिला तसे समजावून सांगितले. सिल्लोड येईपर्यंत ती झोपली होती.

काय उरले, हे ठरवायला आता महिना झाला आहे. चित्रांतले दोन चेहरे उरले. ती उघडी कुंडे उरली. पावसाळ्यात पुन्हा जाऊन ती पाण्याखाली कशी लपतात हे पाहावे, असे आम्ही ठरवतो आहोत. ज्यांना गर्दी नको आणि घसरायचे नाही, त्यांनी जानेवारीतच जावे आणि पाण्याची अपेक्षा घरी ठेवून यावी. बिननाड्यांची पादत्राणे घालावीत.

आणि अक्का उरली, पुंडलिकनगरात. पुण्यातल्या त्या रंगवलेल्या खोलीत सध्या व्यायामाची सायकल ठेवली आहे असे कळते.

एक अडचण मात्र आली. माझा गुडघा दुसऱ्याच आठवड्यात पूर्ण बरा झाला, आणि परवा श्रीरंगचा फोन आला की तो मला भेटायला येतो आहे. मी अक्काला स्पष्ट सांगितले की मी लंगडण्याचे सोंग करणार नाही. ज्या तत्त्वांवर मी आयुष्य काढले, त्यांत ते बसत नाही.

"सोंग करू नको," अक्का म्हणाली. "खोटंही बोलू नको. नुसती बसून राहा."

मी या विधानात दोष शोधला. सापडला नाही. काल श्रीरंग दारात आला, तेव्हा मी खुर्चीतूनच म्हणाले, "ये रे, आत ये. पाणी मात्र तुझं तुला घ्यावं लागेल."