खालचा वर्ग

मास्तराने शाळेतला खडू घरी आणला तर तो आठवड्यात संपतो. किस्से आणले तर संपत नाहीत, एकाला धरून दुसरा येतो. मी रिटायर होऊन कैक वर्षं झाली, तरी सौसरचा कोणी भेटला की म्हणतो, "गुर्जी, तो बालीचा किस्सा सांगा ना जी!" सांगतो. पूर्वी हसत सांगायचो, आता नुसता सांगतो.

ऐंशीच्या दशकातल्या, मध्य प्रदेशात महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या सौसरच्या गोष्टी आहेत या. आमची शाळा दुमजली. वर हिंदीचे सगळे वर्ग, हेडमास्तरांचं ऑफिस आणि शाळेतला एकुलता एक पंखा. हेडमास्तरांना आम्ही बडेसर म्हणायचो. खाली, इमारतीच्या मागच्या अंगाला, मराठीची एक खोली. तिथे मी.

घरी वऱ्हाडी बोलायचं, वर्गात पुस्तकी मराठी शिकवायची आणि सरकारी कागद हिंदीत भरायचा. दिवसातून तीनदा जीभ बदलायची! संध्याकाळी बायकोने काही विचारलं तर नुसती मान हलवायचो. त्यात दर जूनला एकच धास्ती, पोरं कमी पडली तर मराठीचा वर्ग बंद.

* * *

आमचे भूगोलाचे लोखंडे सर एकदा मधल्या सुट्टीत मासिकातून वाचून दाखवत होते. बाली नावाच्या बेटावर लोकांची स्वतःची भाषा आहे. देवळात, नाटकात, घरात ती. शाळेत आणि ऑफिसात मात्र देशाची भाषा, इंडोनेशियन.

"बाली म्हंजे सुग्रीवाचा भाऊ ना जी?" आमचे शिपाई गोमाजी चहा ठेवता ठेवता म्हणाले. "त्याच्या नावचं बेट बी हाय?"

"बेट वेगळं, गोमाजी. ऐका तर! तिथे जेवण्याला एक शब्द नाही. मोठ्या माणसाला वेगळा, बरोबरीच्याला वेगळा, जनावराला वेगळा."

मी म्हटलं, "मग आपलं काय वेगळं आहे? बडेसरांना आपण 'भोजन हो गया?' विचारतो. मला तुम्ही 'जेवलात का?' म्हणता. गोमाजींना 'झालं का खाऊन?'"

गोमाजींनी किटली खाली ठेवली. "अन माही बायको मले म्हनते, 'गिळलं का?' तर तिथं माहा नंबर कोनता लागते जी?"

बडेसर तेवढे हसले नाहीत. "लोखंडे, वो सब ठीक है. उनके बच्चों को नौकरी किस भाषा में मिलती है, वो पढ़िए."

लोखंडे सरांनी मासिक मिटलं.

* * *

शाळेच्या गॅदरिंगला बाहेरगावचे एक पाहुणे आले होते. भाषण रंगात आलं. हात उंचावून म्हणाले, "मराठी भाषा के लिए हम लोग पूरी चेष्टा कर रहे हैं!"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे स्टेजवरच्या सगळ्यांना माहीत होतं. मागच्या रांगेतून बोरगावचा एक पालक ओरडला, "ते तं आमाले ठाऊकच हाय जी!"

पाहुण्यांना वाटलं, जयजयकार झाला. त्यांनी नमस्कार केला!

* * *

सौसर-पांढुर्णा बसमधली गोष्ट. कंडक्टर नवीन होता, हिंदी मुलखातला. रामाकोन्याची एक म्हातारी चढली. तो आदबीने म्हणाला, "अम्मा, खाली है, बैठ जाओ."

म्हातारी बसली. सीटवर नाही, खाली, पत्र्यावर!

"अरे अम्मा, नीचे क्यों बैठीं? सीट खाली है!"

"तूच म्हनलं ना बाप्पा, खाली बस! आता उठवून कायले राहिला?"

पांढुर्णा येईपर्यंत ती उठली नाही. आम्ही सगळे हसत होतो. सगळ्यात जास्त मी हसलो, ते पुढे फार आठवलं.

* * *

पुढच्या जूनमध्ये मी वर्गासाठी पोरं गोळा करायला रामाकोन्याला गेलो. एक शेतकरी संत्र्याच्या झाडांना आळी करत होता. मातृभाषेवर मी त्याला चांगलं अर्धा तास ऐकवलं. त्याने फावडं टेकवलं.

"गुर्जी, तुमची पोरगी आपल्याच शाळेत हाय ना?"

"हो. सातवीत."

"वर का खाली?"

मी म्हटलं, "वर."

तो आत जाऊन पाणी घेऊन आला. "घ्या जी, उन्हातून आले तुम्ही." मला इतकी लाज वाटली की तांब्या हातात धरून मी तसाच उभा राहिलो. पुढे नोकरीत अडू नये म्हणून मीच तिला वर घातलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी त्याने आपली पोरगी, कुसुम, माझ्या वर्गात आणून बसवली. वर्ग त्या वर्षापुरता वाचला असं मी धरून चाललो.

* * *

मग सरकारी फॉर्म आला. मराठी वर्गाचा म्हणून तो मीच भरला. त्यात एक रकाना होता, 'मराठी कक्षा की स्थिति'. मला वाटलं, खोली कुठे आहे ते विचारतायत. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खाली'.

महिन्याभराने पत्र. कक्षा खाली होने के कारण बंद की जाए, त्याआधी एक अधिकारी येऊन खात्री करतील.

बडेसरांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "गुरुजी, ये आपने लिखा?"

"मीच."

"साहब आएँगे तो बच्चे दिखा दीजिए, और क्या," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज मऊ होता.

साहेब शनिवारी येणार होते. नेमकी बडेसरांची पांढुर्ण्याला मीटिंग. मी पोरांना तेल लावून, भांग पाडून बसवलं. कविता पाठ करून घेतली. कुसुमच्या हातात झेंडूची फुलं दिली. आणि बजावलं, "साहेब दारात येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही!" पोरं इतकी गुणी, खोकलीसुद्धा नाहीत.

साहेब पुढच्या जिन्याने थेट वर ऑफिसात गेले. तिथे गोमाजी एकटे. त्यांनीच मला नंतर सांगितलं. साहेबांना जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायची घाई होती. घड्याळ बघत त्यांनी विचारलं, "वो मराठी की कक्षा, खाली है?"

"हाँ साब! खालीच है!"

"पक्का?"

"एकदम पक्का! पहलेपासून खालीच है. चलो ना, दिखाता."

"खाली कक्षा में क्या देखना है?" साहेबांनी वर्ग बंदच्या कागदावर सही केली आणि चहा घेतला.

मागच्या खोलीत आम्हाला जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पोरं ताठ बसली होती. आवाज लांब गेला तशी कुसुमने फुलं या हातातून त्या हातात घेतली, आणि बोलायची बंदी होती म्हणून अगदी हळू विचारलं,

"गुर्जी, साहेब खाली नाही आले जी?"