जिलबीची परात पुढे गेली

पुतणीच्या केळवणाला जिलबीची परात माझ्या पानाशी आली आणि न थांबता पुढे गेली. वाढत होती माझी नणंद. हीच बाई वर्षानुवर्षं माझा आडवा हात बाजूला सारून, “एकीने काय होतंय!” म्हणत जिलबी टाकायची. दोन घासांत पोट दगडासारखं होतं, हे तिला नखरे वाटायचे. दुर्बीण घालून पोट तपासलं तेव्हा काहीच निघालं नाही. मग तर सगळ्यांना पुरावाच मिळाला.

शेवटी डॉक्टरांनी रोज घ्यायला एक बारीकशी गोळी दिली. “ही उदासीवरची आहे, पण कमी मात्रेत पोटाच्या नसाही शांत करते,” म्हणाले. हळूहळू जेवण पचू लागलं. नणंदेने मात्र मोबाईलवर गोळीचं नाव शोधलं आणि घरभर सांगितलं, “वहिनीला डोक्याचं औषध चालू आहे, आग्रह करू नका.”

दुखत होतं तेव्हा कोंबत होते, आता बरं वाटतंय तर कीव करतात. असली माया चुलीत घाला! आमच्याकडे पोट बिघडलेलं चालतं, हसत हसत ओवा देतात. डोक्याचं नाव निघालं की आवाज खाली येतात.

मी उठले, परात ओढली आणि माझ्या हाताने चार जिलब्या वाढून घेतल्या. सगळी पंगत माझ्या पानाकडे बघू लागली. मला मात्र कडकडून भूक लागली होती.