पंगत बसली की दाजी उठायचे

समस्त आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराण्यातील रुसण्याचे पद गेल्या महिन्यात रिक्त झाले. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लग्नापासून या पदावर अखंड विराजमान होते. एका सकाळी ताईचा फोन आला, "अन्या, हे उठून नाई राह्यले." मी हसत विचारलं, "आता कशावर रुसले?" "डाक्तर पाहून गेले," ताई म्हणाली. "हे गेले रे." तो प्रश्न मला अजून मागे घेता आलेला नाही.

कळंबला आमच्या घरी कार्य असलं की पंगत बसायची आणि पहिला घास घ्यायच्या आत दाजी ताटावरून उठायचे. कारणं एकेक फर्मास. कधी ताटात लिंबाची फोड नाही, कधी वरणावर तूप कमी. तरातरा चालत एसटी स्टँड गाठायचं आणि बाकावर जाऊन बसायचं. जावईच तो, रुसणं त्याच्या हक्काचं. आम्ही मानाची टॉवेल-टोपी आधीच काढून ठेवायचो. समजूत काढायला मी, साळा. हात जोडून, गुडघे टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं मनोरंजन करत मी विनवण्या करायचो आणि दाजी लगेच उठायचे. मात्र उठण्याआधी माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे एकदा बघायचे. मला वाटे, ताई आली का ते पाहतात.

एकदा विचारलंच, "दाजी, लिंबासाठी एवढं कायले चालत येता?"

"मले तरी कुठं माहीत बे," ते म्हणाले. "सारे आपापल्या मानसापाशी जेवाले बसले का छातीत कालवून येते. लिंबू मंग सुचते." आणि स्वतःच हसत सुटले. एरवी या माणसानं कुणाला शब्दानं दुखवलं नाही. केळापूरहून त्यांची आई आली की तिच्या पायाशी बसून राहायचे. जेवताना शेजारी मात्र कधीच नाही.

दाजींना त्यांच्या मावशीनं वाढवलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून आईनं लहानपणीच त्यांना कळंबला तिच्या ओटीत घातलं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. दाजींच्या तेरवीच्या पंगतीत, कळंबलाच, मावशी सहज बोलून गेली, "याची माय म्हने, दिवाळीले न्याले येतो. हा दिवाळीभर स्टँडवर बसे. जेवाले बसवलं का उठून पळे. मंग इसरला बिचारा."

माझ्या हातातलं वरणाचं भांडं हातातच राहिलं. मावशीनं जीव लावलेला, आईला देव मानलेलं. रागवायचं तरी कुणावर? दाजी विसरले होते. राग विसरला नव्हता. तो दर पंगतीला उठून बरोबर त्याच बाकावर जाऊन बसत होता... आणि आम्ही टोपी घेऊन धावत होतो.

मी वळून पाहिलं, तर त्यांच्या आईचं ताट तसंच भरलेलं, जागा रिकामी. म्हातारी काठी टेकत स्टँडकडे निघालेली. मी मागे धावलो, जन्माची सवय. बाकावर कुणी नव्हतं, नुसती शेंगांची टरफलं. ती समोर उभी राहिली. समजूत काढायला मी हात जोडले. माझ्याकडे न पाहता ती मोठ्यानं म्हणाली, "आली मी, बाबू. चाल, जेवाले."